बाडेनवायलर : आरोग्यधामाच्या दारी आलेला इतिहास

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगररांगा जेथे ऱ्हाइनच्या खोऱ्याकडे उतरतात आणि जेथून फ्रान्सची सरहद्द फारशी दूर नाही, तेथे बाडेनवायलर हे उष्णोदकाचे लहानसे गाव वसले आहे. या झऱ्यांचा गुण रोमनांनीही ओळखला होता. त्यांच्या स्नानगृहाचे अवशेष १७८४ साली उजेडात आले. रोगी यावेत, विश्रांती घ्यावी आणि जगाच्या उलाढाली वेशीबाहेर राहाव्यात, एवढीच अशा गावाची अपेक्षा असते. परंतु विसाव्या शतकाने बाडेनवायलरची ती अपेक्षा पुरी होऊ दिली नाही.

क्षयाने जर्जर झालेला रशियन लेखक आन्तोन चेखॉव्ह, जो स्वतः वैद्य असल्यामुळे आपल्या दुखण्याचे स्वरूप पुरते जाणून होता, १५ जुलै १९०४ रोजी येथेच निवर्तला. १९०८ मध्ये त्याचे स्मारक उभे राहिले. पण पुढे रशिया आणि जर्मनी एकमेकांचे शत्रू झाले, आणि युद्धसामग्रीसाठी धातूची निकड भासताच १९१८ साली तो पुतळा वितळविण्यात आला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्स व जर्मनी यांच्या सलोख्याचा पुरस्कर्ता, अल्सेसचा लेखक रने शिकेले, येथे घर करून राहिला; मात्र वाऱ्याची दिशा ओळखून १९३२ मध्येच त्याने देश सोडला.

सप्टेंबर १९३५ मध्ये, येथील आरोग्यधामात अत्यवस्थ असलेल्या कमला नेहरूंपाशी जाता यावे म्हणून सरकारने जवाहरलालांची अल्मोड्याच्या तुरुंगातून मुदतीपूर्वी सुटका केली. ते पोहोचले त्याच महिन्यात ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे न्यूरेंबर्गचे कायदे जारी झाले. इंग्रजांच्या कैदेत लिहिलेल्या आत्मचरित्राच्या प्रस्तावनेखाली त्यांनी जे स्थळ नोंदविले, ते बाडेनवायलर. तारीख २ जानेवारी १९३६. त्यानंतर कमलाबाईंना स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हलविण्यात आले आणि २८ फेब्रुवारीस त्यांचे देहावसान झाले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पाडाव झाल्यावर या मुलखावर फ्रेंचांचा अंमल बसला. चेखॉव्हचा अर्धपुतळा गावात पुन्हा आला तो शीतयुद्ध संपल्यावर, १९९२ साली, आणि तोही सखालीनहून. ज्या बेटावरील बंदिवानांची हालहवाल जाणण्यासाठी चेखॉव्हने १८९० मध्ये खडतर प्रवास केला होता, तेच हे बेट. झऱ्याच्या पाण्यास स्वपरभाव नसतो हे खरे. तथापि त्या पाण्यापर्यंत कोणी पोहोचावे, कोणी तेथून निघून जावे आणि कोणाचे स्मरण राखले जावे, याचा निवाडा दूरच्या राजधान्यांतच होत आला.