मताला मोल, मग कामाला का नको?

मतदानाच्या दिवशी आपण सगळ्या जणी सारख्याच असतो. बंगल्यातली वहिनी असो नाहीतर तासगावकडच्या शेडवर बेदाणा निवडणारी मावशी असो, रांग एक, बोटावरची शाई एक आणि मताचं मोलही एकच. दुसऱ्या दिवशी शाई तशीच असते, सारखेपणा मात्र पुसला गेलेला असतो. मावशी शेडवर जाते. तिथं गड्याची हजेरी वेगळी आणि बाईची वेगळी. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘बायकांचा रेट हाच आहे.’ हा रेट कुणी ठरवला, कधी ठरवला, कुणालाच माहीत नसतं.

मत सारखं आणि मजुरी वेगळी, या विसंगतीवर एका अर्थतज्ज्ञानं फार पूर्वी बोट ठेवलं होतं. लहानपणी ते आपल्या साताऱ्यात शिकले. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, जयंतीला हार घालतो. पण कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा दोन्ही ठिकाणी अर्थशास्त्रातल्या सर्वोच्च पदव्या मिळवलेला हा माणूस होता, रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला, हे आपल्या फारसं लक्षात नसतं. मलाही बी.ए.ला अर्थशास्त्र होतं, पण तेव्हा आमच्या नोट्समध्ये त्यांचं नाव नव्हतं!

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचं नाव दाखल झालं. आई साताऱ्यातच वारली. आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळलं. वडील रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियरच्या नोकरीवर होते. नोकरी कसली? दुष्काळात माणसं हजारोंनी मरत होती, म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदण्याचं काम काढलं होतं. १९०१ साली सुट्टीत मुलं वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर त्यांची जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, तोही ‘गाडी तुम्हीच हाका, मी पायी चालतो’ या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण पाणी कुणी देईना. रात्र मुलांनी उपाशीच काढली.

ही हकीगत आपण अस्पृश्यतेची म्हणून वाचतो आणि ती आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या वाटेवर या मुलाला पाणी मिळालं नाही, ती वाट दुष्काळी कामाकडे जाणारी होती. काम नसलं की माणूस मरतो आणि काम देणं सरकारला शक्य असतं, या दोन्ही गोष्टी आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माळावर तेव्हा दिसत होत्या.

पुढे १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असं तेव्हा सगळे म्हणत होते. बाबासाहेबांनी उलटा विचार मांडला. खरं दुखणं हे, की जमिनीवर पोट असणारी माणसं फार आणि त्यांच्या हाताला दुसरं काम नाही. रिकामे हात खातात, पण मिळवत नाहीत. तेव्हा कारखानदारी वाढवा, शेतीवरचा भार कमी करा. माण, खटाव, जत, आटपाडीच्या बायकांना हे कुणी समजावून सांगायला नको. तिकडची घरं पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्या पैशावर उभी राहिली. कुणाचा मालक मुंबईच्या गिरणीत, कुणाचा माथाडी, तर विटा-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला पार देशभर पांगलेले. १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा चूल मुंबईत विझली आणि चटका साताऱ्याच्या खेड्यातल्या बाईला बसला.

पण काम म्हणजे कसलंही काम का? इथं बाबासाहेबांचा विचार मला फार जवळचा वाटतो. घटना तयार होत असताना, १९४७ साली, त्यांनी एक निवेदन लिहिलं. त्यात त्यांचा प्रश्न साधा आहे. उपाशी, बेकार माणसापुढे एका बाजूला कसलीही नोकरी ठेवा. तास ठरलेले नाहीत, संघटना करायची नाही, तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या बाजूला भाषणाचं, संघटनेचं, धर्माचं स्वातंत्र्य ठेवा. तो काय उचलेल? नोकरीच उचलेल ना! म्हणजे पोटाची भीती असलेल्या माणसाला कागदावरचे हक्क वापरताच येत नाहीत. घरकाम करणाऱ्या कितीतरी जणींनी मला हेच सांगितलंय, ‘ताई, बोलले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील.’ पुस्तक न वाचता त्या तेच बोलतात.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी इशाराच दिला. २६ जानेवारीपासून राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात विषमता राहील. हा विरोध लवकर मिटवला नाही, तर विषमतेचे चटके सोसणारेच लोकशाहीचा हा डोलारा उधळून लावतील. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक सांगितलं. धर्मातली भक्ती मोक्षाला नेईल कदाचित, राजकारणातली भक्ती मात्र हुकूमशाहीकडेच नेते. पक्ष कुठलाही असो, पुढारी कुठलाही असो, हे वाक्य सगळ्यांनाच लागू.

चांगलं काम म्हणजे काय, हेही त्यांनी नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा ते त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं ही देशाच्याच हिताची गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच काळातली. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्य मंत्रिमंडळानं आठवड्याची मर्यादा ४८ च ठेवून कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. कागदावर आठवडा तोच दिसतो. पण १२ तास उभं राहून घरी येणाऱ्या बाईची दुसरी पाळी चुलीपुढे असते, ती कुठल्या हजेरीपटावर मांडायची?

आता सांगलीकडे येऊ. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. तासगाव तालुक्यात आधी त्याचा प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. सासूबाई आजही सांगतात, खडी फोडताना हाताला आलेले फोड आणि कामावर मिळणारी सुकडी! कामावर येणाऱ्यांत बायकांचीच संख्या मोठी असायची. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. गडी आणि बाई यांना एकच दर. कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि लहान मुलांची सोय. आणि पैसा कुठून? नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. यजमानांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ना, तो हाच कर. शहरानं खेड्यासाठी लावलेला हा हातभार आहे.

१९०१ चा तलाव ही सरकारची दया होती. १९७७ च्या कायद्यानं तो हक्क झाला. मला यातला फरक फार मोठा वाटतो. दयेला हात पसरावा लागतो, हक्काला अर्ज पुरतो. पुढे २००५ साली देशानं हीच कल्पना घेतली आणि १०० दिवसांची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवस आहेत, पण शेतीच्या ऐन हंगामात ६० दिवस कामं थांबवण्याची तरतूदही आहे आणि खर्चाचा मोठा वाटा राज्यांवर आलाय. दिवस वाढले, चांगलंच झालं. पण काम प्रत्यक्ष किती दिवस निघतं आणि मजुरी किती दिवसांनी खात्यावर येते, हे आपणच बघायला हवं.

वाईट काम चांगलं करता येतं, याचाही दाखला आपल्या मातीतच आहे. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील मुंबईत पाठीवर ओझी वाहणाऱ्यांसाठी झगडले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. पोतं तेच, पाठ तीच. पण कामगाराची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधी आला. हमालीचं काम कायद्यानं नोकरीच्या जवळ नेऊन ठेवलं.

मग बायकांच्या कामाचं असं का झालं नाही? सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांवर दर हिवाळ्यात बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. तिथं नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल नवऱ्याच्या हातात. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पण हिशेबात ती वेगळी नसतेच. कायद्यात बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आहे, तिच्या वाट्याला मात्र खोपीतलं बाळंतपण. पाळीमुळे खाडे नकोत म्हणून बीडमधल्या कितीतरी जणींनी गर्भाशयच काढून टाकलं, हे २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. आणि आपल्या गावातल्या आशाताई, अंगणवाडीताई? काम सरकारचं, पण पैशाचं नाव ‘मानधन’. पगार म्हटलं की हक्क आले, म्हणून तो शब्दच टाळलेला.

आता सगळ्यांच्या मनातला विषय, लाडकी बहीण. २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या पात्र महिलांच्या खात्यावर महिन्याला १५०० रुपये येऊ लागले. याला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. स्वतःच्या नावावर पैसे आले की बाई औषध आणते, पोरीची फी भरते, नवऱ्यापुढे हात पसरत नाही. पण आमच्या बचत गटात एक जण बोलली ते मला विसरता येत नाही. ‘ताई, यादीतून नाव गळलं तर कुणाला विचारायचं तेच कळत नाही. घामाची मजुरी राहिली असती तर मुकादमाच्या दारात बसले असते.’ ओवाळणी कितीही गोड असली तरी ती भावाच्या मर्जीवर असते. मजुरी आपली असते. सरकारनं दोन्ही द्यावं, पण पहिलीच्या आनंदात आपण दुसरी मागायचं विसरू नये.

म्हणून मैत्रिणींनो, काही साध्या गोष्टी करू या. काम हवं असेल तर अर्ज लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर भत्ता मिळत नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते का, ते विचारा. पंचायतीत २०११ पासून आपल्याला निम्म्या जागा आहेत. त्या जागेवर बसलेल्या ताईला पाळणाघर, मजुरीचा समान दर आणि शेडवरचं स्वच्छतागृह हे विषय मांडायला सांगा आणि तिच्या पाठीशी उभ्या राहा. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना आठवड्याची एक सुट्टी आणि आजारपणाचे पैसे देतो का, हेही तपासू या. लोकशाही आपल्या उंबऱ्याच्या आतही असते.

आणि पुढच्या निवडणुकीला मत मागायला कुणी दारात आलं, तर चहा जरूर द्या. चहा पिऊन होईपर्यंत एवढंच विचारा, ‘आमच्या गावातल्या बाईला वर्षातले किती दिवस, किती मजुरीनं काम मिळेल?’ आणि उत्तर तारखेसकट वहीत लिहून ठेवा.