सर्पगंधेच्या रोपांसाठी मातीच्या मिश्रणाची सिद्धता

बाजारातील सर्पगंधामूळात राऊवोल्फिया टेट्राफायला या दुसऱ्या जातीच्या मुळांची भेसळ आढळते, हे औषधनिर्मिती करणाऱ्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको. रानातील सर्पगंधा अतिसंकलनाने दुर्मिळ झाली असून १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आहे. खात्रीचे द्रव्य हवे असेल तर लागवडीस पर्याय नाही.

आम्हीही लागवडीकडे वळलो आणि पहिल्याच वर्षी फसलो. ओळख पटवून घेतलेल्या झाडांचे बी मोठ्या प्रयासाने जमविले होते. उगवलेली थोडीथोडकी रोपे आठवड्याभरात बुडाशी काळी पडून कोलमडली. दोष बियांचा नव्हता; आम्ही वापरलेले शेणखत अर्धवट कुजलेले होते आणि माती चिकण होती.

सर्पगंधेचे बी दोन ते सात आठवडे सावकाश उगवत राहते. त्यातही पोकळ बियांचे प्रमाण मोठे असते. एवढा काळ बी ओल्या मातीत राहणार असल्याने पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींना आयतीच संधी मिळते. म्हणून मिश्रणातून पाण्याचा निचरा होणे पोषणापेक्षाही महत्त्वाचे.

आम्ही आता चाळलेली पोयट्याची माती दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग व पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग घेतो. खत हातास गार लागले पाहिजे आणि त्यास अमोनियाचा उग्र वास नसावा. ओलसर मिश्रणाची मूठ दाबली असता गोळा व्हावा, बोटाने स्पर्श करताच तो फुटावा. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३६ व्या अध्यायात वाळूयुक्त भूमी औषधींसाठी वर्ज्य मानली आहे, असा आक्षेप एका स्नेह्यांनी घेतला. तो विचार द्रव्य ज्या भूमीतून घ्यावयाचे तिच्याविषयीचा आहे. रोप वाफ्यात काही आठवडेच राहते, असे आमचे मत आहे. कोकोपीट वापरावयाचे झाल्यास त्यातील क्षार जाण्यासाठी ते दोन-तीन वेळा धुवावे. त्यात पोषण नसतेच.

मिश्रण मार्चअखेरीस ओले करून वीतभर थरात पसरावे व पातळ पारदर्शक प्लॅस्टिकने झाकून कडा मातीने बंद कराव्यात. काळा कागद नको. त्याखाली माती तेवढी तापत नाही. चार ते सहा आठवड्यांच्या उन्हाने बुरशी व तणांचे बी बरेचसे नष्ट होते. ट्रायकोडर्मा मिसळावयाचा तो त्यानंतर, माती निवल्यावरच. आधी मिसळल्यास तोही उष्णतेने मरतो.

मे महिन्यात ताजे बी रात्रभर भिजवून, तरंगणारे टाकून, सुमारे दोन सेंटीमीटर खोल पेरावे. वाफ्यावर विरळ सावली असावी. पाणी झारीने, सकाळी. दोन आठवड्यांत काही दिसले नाही म्हणून वाफा मोडू नये. आम्हांस गेल्या खेपेची कित्येक रोपे पाचव्या आठवड्यानंतरच मिळाली.