स्थिर हवेची राखण

विमानांची स्पर्धा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धावपट्टी, वेग आणि इंजिनाचा आवाज येतो. पण एक जागतिक स्पर्धा अशी आहे की जिच्यात इंजिन नाही, आवाज नाही आणि विमान हॉलच्या बाहेर येतच नाही. तिचे नाव एफ१डी. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या नियमांनुसार ती होते. एरोमॉडेलिंग शिकताना मला या स्पर्धेची गोडी लागली. विमान कसे बनवायचे हे पुस्तकांत सापडते. स्पर्धा कशी भरवतात ते मी इथे सांगणार आहे.

आधी विमानाची ओळख. पंखांची लांबी जास्तीत जास्त ५५० मिलिमीटर. वजन, रबर सोडून, किमान १.४ ग्रॅम. आपल्या खिशातले एक रुपयाचे नाणे याच्या दुपटीहून जड असते! सांगाडा बाल्सा लाकडाचा, त्यावर अतिशय पातळ फिल्म. पंखा फिरवायला पीळ दिलेले रबर. तेही वंगणासकट ०.४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एवढ्या बळावर चांगले विमान वीस मिनिटांहून अधिक काळ हवेत राहते. जो जास्त वेळ उडवतो, तो जिंकतो.

हे विमान चालणाऱ्या माणसापेक्षाही संथ उडते. त्यामुळे शेजारून कोणी भरभर गेले तरी ते डगमगते. म्हणूनच यजमानांचे सर्वांत मोठे काम म्हणजे हवा स्थिर ठेवणे.

पहिला प्रश्न जागेचा. रबराचा पीळ ताजा असतो तेव्हा जोर जास्त असतो आणि विमान वर चढते. जोर ओसरला की ते सावकाश उतरते. छत उंच असेल तर चढायला वाव मिळतो. छताच्या उंचीने फरक पडतो, म्हणून विक्रमांसाठी चार वर्ग केले आहेत: ८ मीटरपर्यंत, ८ ते १५, १५ ते ३० आणि ३० मीटरहून उंच.

रोमानियातील स्लॅनिक येथे जमिनीखाली सुमारे २०० मीटरवर मिठाची जुनी खाण आहे. तिची दालने ५० मीटरहून उंच आहेत. तिथे ऊन नाही, वारा नाही आणि तापमान वर्षभर १२ अंशांच्या आसपास असते. तिथे जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. इंग्लंडमधील कार्डिंग्टनचे हवाई जहाजांचे हँगरही अशा उड्डाणांसाठी प्रसिद्ध होते. २०१८ ची जागतिक स्पर्धा अमेरिकेत इंडियाना राज्यातील वेस्ट बेडन येथे एका जुन्या हॉटेलच्या घुमटाखाली झाली.

खाण नसेल तर यजमानांना राबावे लागते. एसी आणि पंखे बंद करायचे, फटी बुजवायच्या, ऊन येणाऱ्या काचा झाकायच्या. एका बाजूची हवा तापली की ती वर चढते आणि विमान भलतीकडे जाते. प्रेक्षकांच्या अंगच्या उष्णतेनेही प्रवाह तयार होतात. म्हणून कोणी कुठे बसायचे आणि दार केव्हा उघडायचे, हे आधी ठरवावे लागते.

दुसरे काम न्यायाचे. विमान आणि रबर मोजून-तोलून घेतात. वेळ घ्यायला दोन टाइमकीपर असतात आणि त्यांच्या वेळांची सरासरी धरतात. प्रत्येकाला सहा उड्डाणे मिळतात. त्यांतील सर्वोत्तम दोनांची बेरीज म्हणजे निकाल. विमान छताला अडकले तर टाइमकीपर आणखी दहा सेकंद थांबतो. ते सुटले तर मोजणी चालू राहते. नाही सुटले तर उड्डाण संपले, आणि ते दहा सेकंद वजा होतात. दोन विमाने हवेत धडकली तर ते उड्डाण धरायचे की पुन्हा उडवायचे, हे स्पर्धक ठरवतो. भिंतीकडे जाणारे विमान दोरीला बांधलेल्या फुग्याने बाजूला सारता येते. पण मुख्यतः आडवेच, वर उचलायचे नाही. हे सगळे मान वर करून, सलग वीस-पंचवीस मिनिटे पाहायचे असते. पहाऱ्यावर उभे राहिलेल्या कॅडेटला यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

या स्पर्धेत एका देशाच्या संघात तीन स्पर्धक असतात. ज्युनिअर गटाची मर्यादा १८ वर्षे. मी आज पंधरा वर्षांचा आहे, म्हणजे माझ्या हाती तीन वर्षे आहेत. म्हणून आमच्या क्लबने आपल्या हॉलमध्ये आंतर-हाऊस स्पर्धा भरवण्याची परवानगी मागितली आहे. आम्ही छत मोजले: नऊ मीटर, म्हणजे दुसरा वर्ग. आमची विमाने साधी आणि जड असतील, दोन मिनिटे उडाली तरी आम्ही खूष होऊ. पण नियम तेच ठेवणार आहोत, कारण नियमांची सवय आत्ताच लागायला हवी.

सरांना विनंती आहे की एका रविवारी तीन तास हॉल आम्हाला मिळावा. त्याआधी तुळयांवरची कबुतरे बाहेर काढण्याची जबाबदारी आमची. आम्हाला आठ टाइमकीपर आणि दारावर दोन कॅडेट हवे आहेत; ज्युनिअर कॅडेट्सनी जरूर नावे द्यावीत. पालकांनीही पाहायला यावे. फक्त एकदा आत आल्यावर फेरी संपेपर्यंत जागेवरून उठू नये, आणि टाळ्या विमान जमिनीवर टेकल्यावरच वाजवाव्यात.