परक्या शहरातील विचारपूस : इंग्रजीतील नम्र प्रश्नांचे व्याकरण

ठाणे शहरातील वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक होय. १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळाची स्थापना झाली आणि राज्याच्या औद्योगिक नकाशावर या वसाहतीचे नाव ठळकपणे उमटले. जुन्या कारखान्यांपैकी अनेकांच्या जागी आता माहिती तंत्रज्ञानाच्या उंच इमारती उभ्या आहेत. रामनगरची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कामगार विमा रुग्णालय आणि पासपोर्ट सेवा केंद्र याच परिसरात आहेत. साहजिकच कोकण, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ येथून येणाऱ्या तरुणांची पावले इकडे वळतात.

अशा तरुणाची पहिली गरज यंत्राची किंवा संगणकाची नसते. राहावे कोठे, बस कोठून सुटते, अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावा, हे विचारण्याची असते. यांपैकी बहुतेक प्रश्न मराठीत विचारता येतात आणि शासकीय कचेरीत ते मराठीतच विचारण्याचा त्याला अधिकार आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा आहे. २०२२ च्या अधिनियमाने महानगरपालिका, नगरपरिषदा आदी स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारातही मराठीचा वापर बंधनकारक केला आहे.

परंतु शहरातील सारेच दरवाजे शासकीय नसतात. कंपनीचे स्वागतकक्ष, खाजगी वसतिगृह, खोली मिळवून देणारा दलाल, परप्रांतीय घरमालक अशा अनेक ठिकाणी संभाषण इंग्रजीकडे झुकते आणि दहा वर्षे इंग्रजी शिकलेला तरुण गप्प होतो. या गप्प राहण्याची किंमत मोठी असते. अनामत रक्कम परत केव्हा मिळेल, हे तो विचारत नाही. न वाचलेल्या कागदावर सही करतो. पैसे देतो, पण पावती मागत नाही.

क्रियापदात दडलेला आदर

हा संकोच केवळ शब्दसंग्रहाच्या उणिवेतून येत नाही. महाराष्ट्रात प्रदीर्घ काळ पाचवीपासून इंग्रजी शिकविले जाई. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर कित्येक पिढ्या वाढल्या. मराठी वाक्य घ्यावे आणि त्याचे इंग्रजी करावे, ही पद्धत लिहिण्यास उपयोगी पडली. बोलताना मात्र तिच्यात एक गोष्ट गळून पडते, ती म्हणजे आदर.

मराठीत आदर क्रियापदाच्या प्रत्ययात असतो. ‘फॉर्म दे’ आणि ‘फॉर्म द्या’ यांतील अंतर लहान मुलासही कळते. ‘फॉर्म द्या’ म्हणणारा माणूस समोरच्याचा मान राखूनच बोलत असतो. याच वाक्याचे शब्दशः इंग्रजी केले, म्हणजे ‘गिव्ह मी फॉर्म’ एवढेच उरते. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या तिघांना मिळून ‘यू’ हा एकच शब्द आहे आणि क्रियापद आदरासाठी रूप बदलत नाही. त्यामुळे मराठीतील सभ्य वाक्य इंग्रजीत हुकमासारखे ऐकू येते. ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो आणि आपले काय चुकले, हे बोलणाऱ्याला उमगत नाही.

‘प्लीज’ या शब्दाचेही तसेच आहे. मराठीत ‘कृपया’ हा शब्द मुख्यतः फलकावर आणि पत्रात आढळतो. बोलताना ‘जरा’, ‘तेवढं’ यांवर काम भागते. इंग्रजीत मात्र ‘प्लीज’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. तो वगळणे हा मराठी माणसाचा उद्धटपणा नव्हे; ती केवळ वेगळ्या भाषेची सवय आहे.

मराठीतूनच जाणारी वाट

यावरील उपायही मराठीतच सापडतो. ‘सांगा’ यापेक्षा ‘सांगाल का?’ हे अधिक नम्र, हे प्रत्येकास ठाऊक असते. हाच ‘सांगाल का?’ इंग्रजीत ‘कुड यू टेल मी?’ होतो, ‘मी खोली पाहू का?’ याचे ‘मे आय सी द रूम?’ होते. आज्ञेऐवजी विचारणा करणे, ही युक्ती दोन्ही भाषांत समान आहे. विद्यार्थ्याने भाषांतरासाठी ‘सांगा’ हे वाक्य न घेता ‘सांगाल का?’ हे वाक्य घ्यावे, म्हणजे अर्धे काम झाले.

दुसरा अडथळा वाक्यरचनेचा आहे. ‘बस कोठे थांबते ते सांगाल का?’ या वाक्यातील आतला भाग साध्या विधानासारखाच राहतो. इंग्रजीतही तसेच घडते. ‘कुड यू टेल मी व्हेअर द बस स्टॉप्स?’ हे शुद्ध होय. सुरुवातीस ‘कुड यू टेल मी’ आल्यावर पुढे ‘डझ’ची गरज उरत नाही.

दैनंदिन गरजेस पुढील वाक्ये बव्हंशी पुरी पडतात.

‘एक्सक्यूज मी, कुड यू हेल्प मी, प्लीज?’ – संभाषणाचा आरंभ.
‘आय ॲम लुकिंग फॉर अ रूम.’ – ‘आय वॉन्ट रूम’ याऐवजी.
‘कुड यू टेल मी हाऊ मच द डिपॉझिट इज?’ – अनामत रकमेची चौकशी.
‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?’ – न समजल्यास.
‘मे आय रीड द ॲग्रीमेंट फर्स्ट?’ – सही करण्यापूर्वी.
‘मे आय हॅव अ रिसीट, प्लीज?’ – पैसे दिल्यानंतर.

यांपैकी चौथे वाक्य सर्वांत मोलाचे. न समजता मान डोलावण्यापेक्षा पुन्हा विचारणे केव्हाही शहाणपणाचे ठरते.

नम्र प्रश्न, भक्कम आधार

नम्रता म्हणजे लाचारी नव्हे. वरील शेवटच्या दोन प्रश्नांमागे कायदा उभा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाड्याची लेखी पावती देणे हेही घरमालकाचे कर्तव्य आहे. शिवाय करार मराठीतही करता येतो. तशी विनंती करण्यास कोणतीच आडकाठी नाही.

शासकीय सेवांबाबत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा आधार आहे. अधिसूचित सेवेसाठी कालमर्यादा ठरलेली असते, अर्जाची पोच मिळते आणि विलंब झाल्यास अपील करता येते. तेव्हा ‘हे काम किती दिवसांत होईल?’ हा प्रश्न विचारणारा नागरिक उपकार मागत नसतो.

शाळा, पंचायत आणि कचेरी

शिक्षकांनी आठवी ते दहावीच्या वर्गांत या वाक्यांचा तोंडी सराव घ्यावा. एक विद्यार्थी घरमालक, दुसरा भाडेकरू, अशी जोडी उभी करून महिन्यातून एक तास दिला, तरी जिभेचा संकोच सुटतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ या विषयात इंग्रजी आणि संवादकौशल्य यांचा समावेश आहेच. तेथे खोली शोधण्याचा प्रसंग सहज घेता येईल.

पंचायत सदस्यांना गावातून शहरात जाणारी मुले नावानिशी माहीत असतात. निघण्यापूर्वी त्यांच्या हाती या वाक्यांचा आणि भाडेकराराविषयीच्या चार ओळींचा एक कागद द्यावा. त्यास खर्च जवळजवळ नाहीच.

अधिकाऱ्यांचे कर्तव्य याहून सोपे आहे. खिडकीपाशी कोणी अडखळत्या इंग्रजीत बोलू लागला, तर ‘मराठीत सांगा, चालेल’ एवढे म्हणावे. तुटक इंग्रजीतला ‘गिव्ह मी फॉर्म’ कानी पडला, तर त्यामागचा ‘फॉर्म द्या’ ओळखावा. त्या ‘द्या’मध्ये आदर असतोच, तो ऐकणे आपल्या हाती आहे.