घटक ४ : ध्वनिमुद्रणांचे जतन – युनिक्स प्रणालीत सुटी साठवण-साधने हाताळणे

४.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, बोलीच्या प्रकल्पासाठी तुम्ही ध्वनिमुद्रणे गोळा करणार आहात. समजा, एका वृद्ध आजींच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तुम्ही संगणकावरून पेनड्राइव्हवर घेतल्या, प्रत झालेली दिसताच तो काढून घेतला आणि घरी फाइल उघडलीच नाही. संगणकावरची मूळ प्रतही पुसलेली असेल, तर ती सामग्री पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून हे तंत्र संशोधनपद्धतीचाच भाग मानावे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ एकच वृक्ष

युनिक्सची निर्मिती १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभलेली लिनक्स ही त्याच धर्तीची प्रणाली होय. विंडोजमध्ये प्रत्येक साधनाला स्वतंत्र अक्षर मिळते. युनिक्समध्ये मात्र सर्व फाइलींचा एकच वृक्ष असतो. पेनड्राइव्हवरील फाइली या वृक्षाच्या एखाद्या फोल्डरवर कलमासारख्या जोडल्या जातात. या क्रियेला ‘माउंट’ करणे म्हणतात. त्या फोल्डरमध्ये आधीच काही असेल, तर जोडणी असेपर्यंत ते दिसत नाही. परंतु ते नष्टही होत नाही.

४.२.२ जोडणी

आजच्या बहुतेक लिनक्स संगणकांवर पेनड्राइव्ह लावताच किंवा त्याच्या चिन्हावर क्लिक करताच जोडणी होते. केवळ आज्ञांवर चालणाऱ्या संगणकावर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा देऊन साधनांची यादी पाहावी, क्षमतेवरून आपला पेनड्राइव्ह ओळखावा आणि मग ‘माउंट’ या आज्ञेपुढे साधनाचे व फोल्डरचे नाव द्यावे. त्यासाठी सहसा व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. जुनी मुद्रणे केवळ ऐकायची असतील, तर ‘फक्त वाचन’ हा पर्याय निवडून जोडणी करावी. म्हणजे चुकून काही पुसले जाण्याची भीती उरत नाही.

४.२.३ विलगीकरण

खरा धोका येथे आहे. मुख्य स्मृतीच्या मानाने पेनड्राइव्हवर लिहिण्याचे काम संथ असते. म्हणून प्रणाली मजकूर आधी स्मृतीत ठेवते आणि सवडीने साधनावर उतरवते. पत्र पेटीत टाकले म्हणजे ते पोहोचले असे नव्हे. तसेच प्रत झालेली दिसली म्हणजे ती पूर्ण उतरली असे नव्हे. ‘सिंक’ ही आज्ञा उरलेला मजकूर साधनावर उतरवते. विलगीकरणाची आज्ञा तेही करते आणि जोडणीही सोडवते. इंग्रजी क्रियापद ‘अनमाउंट’ असले तरी आज्ञा मात्र ‘यूमाउंट’ अशी आहे. तिच्या लेखनात सुरुवातीच्या ‘यू’नंतर ‘एन’ हे अक्षर नाही. नवखा विद्यार्थी येथेच अडखळतो.

कधी कधी ‘साधन व्यग्र आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. त्यावरील एखादी फाइल उघडी असते, किंवा तुमची आज्ञा-खिडकी त्याच फोल्डरमध्ये उभी असते. फाइल बंद करावी, फोल्डरबाहेर यावे आणि आज्ञा पुन्हा द्यावी. आज्ञा पूर्ण होऊन पुढील आज्ञेची खूण दिसेपर्यंत थांबावे. पेनड्राइव्ह ओढून काढू नये.

४.२.४ साधनाची मांडणी

अनेक पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ मांडणीचे असतात. त्यांवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. दीर्घ चित्रमुद्रणासाठी ‘एक्सफॅट’ मांडणी सोयीची ठरते. मांडणी बदलताना साधनावरील सर्व मजकूर पुसला जातो, हे विसरू नये.

४.३ सारांश

जोडणी म्हणजे साधनावरील फाइली मुख्य वृक्षात आणणे. विलगीकरण म्हणजे उरलेले लेखन पूर्ण करून त्या सोडवणे. विलगीकरणानंतर पेनड्राइव्ह पुन्हा जोडून मुद्रण ऐकावे आणि त्यानंतरच मूळ प्रत पुसण्याचा विचार करावा.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. प्रत पूर्ण झालेली दिसूनही फाइल अपुरी का राहू शकते?
२. साधन व्यग्र असल्याचा संदेश आल्यास तुम्ही काय कराल?
३. ‘माउंट’ आणि ‘यूमाउंट’ यांसाठी मराठी संज्ञा सुचवा व त्यांचे समर्थन करा.