ॲल्युमिनियमचा जोड आणि जुनं आर्गन मशीन

पुणे–हैदराबाद महामार्गावर बसवकल्याणजवळ सस्तापूर बंगल्यापाशी ट्रक दुरुस्तीची वस्ती आहे. इंजिनाचं तेलाचं चेंबर दगड लागून फुटलं की ते आर्गन वेल्डिंगवाल्याकडे जातं. भालकी, हुमनाबाद, आळंद या पट्ट्यातही ट्रॅक्टरची हाउसिंग आणि दुधाचे कॅन याच कारागिराच्या भरवशावर असतात. इन्व्हर्टर मशीन आता हातात उचलून नेता येतं. तरीही चाकांवरचं जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन भंगारात घालायला माझं मन तयार होत नाही. त्याची खोड ओळखली, तर त्यावर ॲल्युमिनियमचा उत्तम जोड बसतो.

अडचण धातूतच आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण हवेमुळे त्यावर चढलेला ऑक्साइडचा थर सुमारे २,०७० अंशांपर्यंत दाद देत नाही. आतला धातू पातळ होतो आणि वर कातडं तसंच राहतं. त्यावर उतारा एसी करंटचा. टॉर्चमधली टंगस्टनची सळई ऋण असताना उष्णता कामात उतरते. टंगस्टन धन झालं की ऑक्साइड फुटून निघतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते आणि दर वेळी करंट शून्यावर येऊन आर्क विझू पाहतो. तो पुन्हा पेटावा म्हणून मशीनमध्ये स्पार्क गॅपची हाय फ्रिक्वेन्सी असते. गॅपचे पॉइंट जळले की आर्क अडखळतो आणि दोष उगाच आर्गनच्या सिलिंडरवर जातो.

दुसरी खोड आतली आहे. टंगस्टन धन असताना इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियममधून निघायला हवेत, आणि थंड ॲल्युमिनियम ते सहज सोडत नाही. मग धन अर्धा कमजोर पडतो, करंट एका बाजूला झुकतो, ट्रान्सफॉर्मरचा गाभा तापून घुमू लागतो आणि ऑक्साइडही नीट निघत नाही. चांगल्या जुन्या मशीनमध्ये यासाठी कपॅसिटरची रांग जोडलेली असते. इन्व्हर्टरवर हा तोल एका बटणाने साधतो. इथं कपॅसिटर शाबूत असणं हाच तोल.

चेंबरच्या कामात खरी मेहनत आर्क पेटण्याआधीची. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग कानशीने व्ही काढायचा. साध्या ग्राइंडिंग चाकाचे कण मऊ धातूत रुतून बसतात. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं कास्टिंग हळूहळू तापवलं की तेल घामासारखं बाहेर येतं. ते पुसून पुन्हा कानस, मग फक्त ॲल्युमिनियमसाठीच ठेवलेला स्टेनलेस तारेचा ब्रश. तापल्यावर ॲल्युमिनियम रंग बदलत नाही, म्हणून पाण्याचा थेंब टाकून बघतात. तो चरचरून सुकण्याऐवजी नाचू लागला की तापमान पुरेसं झालं. कांडी साधारण ५ टक्के सिलिकॉनची, म्हणजे ४०४३. करंटचा ढोबळ हिशेब मिलिमीटरला ४० अँपिअर. पाच मिलिमीटरची भिंत असली की मशीन २०० वर. कास्टिंग आधी तापवलं तर त्यातले बरेच अँपिअर वाचतात.

बीदरच्या कारागिराला एक भान हवंच. जस्ताचं कास्टिंग दिसायला ॲल्युमिनियमसारखंच. बिदरी नक्षीकामाचा पाया मुख्यतः जस्ताचा, त्यामुळे या गावाला जस्त परकं नाही. पण आर्कखाली ते उकळून पांढरा, तापाने झोपवणारा धूर सोडतं. हातात घेऊन पाहावं : जस्त ॲल्युमिनियमच्या अडीच पटींहून जड असतं.

गॅसच्या आवरणात टंगस्टनने जोडण्याची ही विद्या विमानांच्या कारखान्यात जन्मली. अमेरिकेत नॉर्थ्रॉपमध्ये रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास हेलियमच्या आवरणात मॅग्नेशियम जोडलं आणि १९४२ मध्ये पेटंट मिळवलं. स्वस्त आर्गन पुढे आला.

जुनं मशीन घेणाऱ्यांनी गॅपचे पॉइंट, कपॅसिटर आणि टॉर्चचं पाणी आधी पाहावं. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज साठून राहतो, म्हणून तो उतरवल्याशिवाय झाकणात हात घालू नये. टंगस्टन डीसीवरचं लाल पट्ट्याचं नको. हिरव्या किंवा पांढऱ्या पट्ट्याचं घ्यावं. व्होल्टेज पडलं की आर्क बारीक होतो. अशा वेळी काम थांबवावं. वाइंडिंग जळलंच, तर मोटार भरणारा कारागीर ते पुन्हा भरू शकतो. इन्व्हर्टरचा बोर्ड गेला, तर त्याला तालुक्याच्या गावात हात लावणारं सहसा कुणी नसतं.