क्रीपर, मण्यार आणि उजेडाचा नियम

‘माइनक्राफ्ट’ खेळायला बसलेल्या मुलाला पहिल्याच रात्री एक धडा मिळतो. सूर्य मावळायच्या आत चार भिंती उभ्या करायच्या, दार लावायचं आणि आत मशाल पेटवायची. हे ज्यानं केलं नाही, त्याला बहुधा सकाळ दिसत नाही. खेळातला दिवस-रात्रीचा पूर्ण फेरा वीस मिनिटांचा, त्यातली काळोखी रात्र जेमतेम सात मिनिटांची. पण तेवढ्या वेळात झोंबी, सांगाडे, कोळी आणि तो हिरवा, बिनहाताचा क्रीपर चहूबाजूंनी येतात. मार्कुस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरनं 2009 मध्ये हा खेळ लोकांपुढे आणला. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो अडीच अब्ज डॉलरला विकत घेतला आणि आजवर त्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. जिथे मोबाइल पोचला तिथे हे चौकोनी ठोकळ्यांचं जगही पोचलं. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातलं कुंभिवली गाव त्याला अपवाद कसं असेल?

कुंभिवलीच्या एका अंगाला सावरोली-खारपाडा रस्त्यावरचे कारखाने आहेत, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि मागे सह्याद्रीच्या उतारावरचं रान. अशा गावात रात्री पडवीत बसून मोबाइलवर क्रीपर चुकवणाऱ्या मुलाच्या पायापासून दहा हातांवर, सरपणाच्या ढिगात, खरंखुरं जनावर असू शकतं. त्या मुलाला खेळातल्या शत्रूंचे नियम तोंडपाठ असतात. ते नियम नीट पाहण्यासारखे आहेत, कारण त्यातले काही पडवीतही जसेच्या तसे लागू पडतात आणि काही साफ उलटे आहेत.

खेळातला मुख्य नियम उजेडाचा. प्रत्येक ठोकळ्याला 0 ते 15 अशी उजेडाची पातळी असते. मशालीजवळ ती 14 असते आणि दर ठोकळ्यामागे एकानं उतरते. पूर्वी ही पातळी 7 किंवा त्याखाली गेली की त्या जागी शत्रू उगवू शकत असे. 2021 च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून पूर्ण शून्य असावी लागते. मुरलेला खेळाडू त्यामुळे आधी मशालींची अंतरं मोजतो, तलवारीचं नंतर बघतो. गुहेचा एकही कोपरा अंधारा राहिला नाही, तर तिथे लढायला कुणी येतच नाही. शत्रूला मारण्यापेक्षा त्याला उगवायला जागा न ठेवणं स्वस्त पडतं, हे दहा वर्षांच्या पोराला कुणी न शिकवता समजतं. मला या खेळातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

त्यापुढचे नियम एकेका प्राण्याचे. झोंबी आणि सांगाडा उन्हात जळतात, क्रीपर जळत नाही. कोळी अंधारात अंगावर येतो, पण भर उजेडात त्याला डिवचलं नाही तर तो आपल्या वाटेनं जातो. एन्डरमन नावाचा उंच काळा प्राणी नजरेला नजर भिडली की खवळतो. 2022 मध्ये आलेला वॉर्डन तर आंधळाच आहे. तो पावलांची कंपनं आणि वास यांवर चालतो, म्हणून त्याच्या हद्दीत दबकत जायचं. आणि क्रीपर? डुकराची आकृती रचताना लांबी-उंचीचे आकडे उलटसुलट झाले, त्या चुकीतून तो जन्मला. तो तीन ठोकळ्यांवर आला की फुत्कारतो आणि दीड सेकंदात फुटतो. तेवढ्यात मागे हटलं तर शांत होतो. मांजर दिसलं की पळ काढतो.

हे प्राणी आपल्यापर्यंत पोचतात कसे, त्याची गोष्ट 1968 पर्यंत मागे जाते. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ‘शेकी’ नावाच्या यंत्रमानवाला अडथळ्यांतून वाट काढता यावी, म्हणून पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफाएल यांनी ‘ए-स्टार’ ही रीत मांडली. आतापर्यंत किती चाललो आणि अजून अंदाजे किती उरलं, या दोहोंची बेरीज जिथे सर्वांत कमी तिकडे पुढचं पाऊल टाकायचं. खेळातला झोंबी भिंतीला वळसा घालून येतो तो याच जातीच्या हिशोबानं. पण त्या हिशोबाला एक लक्ष्य लागतं, आणि ते प्रोग्रॅमरनं आधीच ठरवून दिलेलं असतं: खेळाडूला शोध, त्याच्याकडे जा, मार.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या कुठल्याही सापात हे लक्ष्य लिहिलेलं नाही. साप माणसाला शोधत येत नाही, पाठलाग करत नाही, डूख धरून वर्षानं बदला घेत नाही. विष त्याला उंदीर-बेडूक मारायला लागतं. ते बनवायला शरीर खर्ची पडतं, आणि जे गिळता येत नाही त्याच्यावर ते दवडणं त्याला परवडत नाही. म्हणूनच विषारी सापाचे काही दंश कोरडेही असतात. खेळातला शत्रू आपल्याकडे चालत येतो. शेतात आपण नकळत त्याच्याकडे चालत जातो, हात घालतो, पाय देतो.

भातकापणीच्या दिवसांत हे स्पष्ट दिसतं. खाचरातलं पाणी आटलेलं, उंदरांनी बांध पोखरलेले, आणि उंदरांच्या मागे घोणस. पिवळट तपकिरी अंगावर काळसर गोलांच्या तीन माळा, जाड शरीर, आखूड शेपूट. वाळलेल्या पेंढ्यात ती वेटोळं घालून बसली तर दोन हातांवरूनही दिसत नाही. जवळ गेलं की कुकरच्या वाफेसारखा लांबलचक फुत्कार काढते, आणि हा इशारा ऐकून जो जागीच थांबतो तो बहुतेकदा वाचतो. पण कापणाऱ्याचा डावा हात मूठ धरायला बुडख्याशी गेलेला असतो, पाय उघडे असतात आणि काम घाईचं असतं. काठीनं पेंढी हलवून मग उचलणं आणि पायात गमबूट घालणं, एवढ्यानं यातले कितीतरी दंश टळतील.

मण्यारीची तऱ्हा वेगळी. काळी चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेषांच्या जोड्या, दिवसा सुस्त. रात्री मात्र ती घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असतात. दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा धरतो. मग पापण्या जड होतात. माणूस शुद्धीत असतो, बोललेलं सगळं ऐकतो, पण डोळे उघडू शकत नाही. घरच्यांना झोप अनावर झाल्यासारखं वाटतं आणि तोवर श्वासाचे स्नायू ढिले पडू लागतात. तिचं विष चेतातंतूच्या टोकाशीच नुकसान करतं. ते एकदा झालं की प्रतिविषानं भरून निघत नाही, शरीराला ती टोकं पुन्हा घडवावी लागतात, आणि तोवर श्वास यंत्रानं चालवावा लागतो. म्हणून पाऊसकाळात अचानक पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठलेल्या माणसाला, चावल्याची खूण असो वा नसो, थेट रुग्णालय गाठायला हवं. खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी हा मण्यारीवरचा साधा आणि भक्कम उपाय आहे. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासातही मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंश कमी झाल्याचं आढळलं.

खेळातला उजेडाचा नियम मात्र इथे दगा देऊ शकतो. दारावर रात्रभर दिवा जळत ठेवला म्हणून साप थांबत नाही. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर बेडूक आणि पाली, त्यांच्यावर साप. उजेड हवा तो हातात, पायापुढची वाट बघायला. बॅटरी घेतल्याशिवाय अंधारात अंगणाच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, आणि वॉर्डनच्या उलट, पाय वाजवत चालायचं. जमिनीतून येणारी कंपनं सापाला चांगली जाणवतात आणि वाट सोडायला त्याला अवधी मिळतो. खऱ्या जनावराच्या ‘उगवण्याच्या’ अटी वेगळ्या आहेत: उंदीर आणि लपायला जागा. भिंतीला टेकून रचलेलं सरपण, दाराशी पडलेले चिरे, उघडं धान्य, कोंबड्यांचं खुराडं. गुहेत मशाली लावत फिरणारा मुलगा सुट्टीच्या एका सकाळी सरपण भिंतीपासून लांब हलवू लागला, तर तो तोच खेळ खेळतो आहे.

विंचवाच्या बाबतीत उजेडाची आणखी एक किमया आहे. विंचवाच्या कवचावर अतिनील किरण पडले की ते हिरवट-निळं चमकतं. साध्या डोळ्यांना न दिसणारा विंचू अतिनील बॅटरीच्या झोतात दगडाच्या फटीत लखलखताना दिसतो. कोकणातला लाल विंचू आकारानं लहान, पण काळ्या इंगळीपेक्षा कितीतरी घातक. त्याचा दंश म्हणजे एकेकाळी लहान मुलांसाठी मृत्यूच होता, आणि त्यावरचा उपाय याच रायगड जिल्ह्यात सापडला. 1976 पासून महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपत गेले: घाम, गार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसांत पाणी. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि हृदय त्याखाली दबतं, हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिनची स्वस्त गोळी वापरली. ‘लॅन्सेट’नं 1982 पासून त्यांची निरीक्षणं छापली. शंभरात तीस-चाळीस असलेलं मृत्यूचं प्रमाण एकाच्या आसपास आलं. 2011 मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिलं की प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो. शत्रूचा नियम शोधण्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

दंश झाल्यानंतरच्या बाबतीत खेळ फारच दयाळू आहे. गुहेतला कोळी विष टोचतो, तेव्हा बादलीभर दूध प्यायलं की विष उतरतं. आणि न प्यायलं तरी खेळातलं विष जीव घेत नाही, शेवटचं अर्धं हृदय शिल्लक ठेवतं. प्रत्यक्षात पाजायचं काहीच नसतं. चीर द्यायची नाही, विष चोखायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात किंवा पाय मोडल्यासारखा स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही आणि 108 ला फोन करायचा. रुग्णालयात घोणसीचा संशय असेल तर डॉक्टर दोन मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं मुळीच न हलवता ठेवतात. मग नळी एकदा तिरकी करतात. रक्त पातळच राहिलं, वाहू लागलं, तर विषानं गोठण्याची यंत्रणा संपवली आहे आणि प्रतिविष लगेच द्यायला हवं. यंत्र नाही, वीज नाही. छोट्या आरोग्य केंद्रातही होणारी चाचणी.

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी 58 हजार, आणि त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असा केंद्र सरकारचा 2024 मध्ये जाहीर झालेला कृती आराखडा आहे. त्यातला एक मोठा अडथळा प्रतिविषातच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष थोडं थोडं घोड्याला टोचून, त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते बनतं. हे विष मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुला सहकारी संस्थेतून येतं. 1978 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतले इरुला आदिवासी साप पकडून, विष काढून पुन्हा रानात सोडतात. खेळातला क्रीपर जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात तेवढाच फुटतो. घोणसीचं तसं नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, आणि दक्षिणेतल्या सापांवरून केलेलं औषध दुसरीकडे कमी पडू शकतं. कुंभिवलीच्या खाचरात चावलेल्या घोणसीवर चालणारं औषध हवं असेल, तर सह्याद्रीच्या या बाजूच्या घोणशींचं विषही त्या घोड्यांपर्यंत पोचायला हवं.